दुबईत परिषदेला येताय? मुक्काम बर दुबईत करा

नोव्हेंबर २०२५मध्ये संग्रहालयवाल्यांची जागतिक परिषद, म्हणजे 'आयकॉम' या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची २७वी सर्वसाधारण परिषद दुबईत भरली आणि त्या महिन्यात माझा फोन थांबत नव्हता. मुंबईत संग्रहालयात नोकरी करून मी सतरा वर्षांपूर्वी इकडे आले, त्यामुळे तिकडची मंडळी हक्काने विचारतात. कुठे उतरू, काय आणू, काय बघू? आता लहानमोठ्या बैठकांना येणारेही तेच विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आधी मुक्कामाचं. परिषदा भरतात त्या वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळची शेख झायेद रोडवरची हॉटेलं महाग असतात आणि खाली उतरलं की समोर बारा पदरी रस्ता. संध्याकाळी पाय मोकळे करायला जावं अशी ती जागा नाही. त्यापेक्षा बर दुबईत, म्हणजे खाडीकाठच्या जुन्या भागात उतरा. बुर्जुमान स्टेशनवर मेट्रोच्या लाल आणि हिरव्या अशा दोन्ही लाइन मिळतात आणि तिथून ट्रेड सेंटर लाल लाइनवर तिसरं स्टेशन. मीना बाजार आणि करामा या भारतीयांच्या वस्त्या जवळच, त्यामुळे शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल होत नाहीत. विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ला मेट्रो आहे, २ला नाही. तिथे उतरलात तर सरळ टॅक्सी करा. मेट्रोसाठी नोल कार्ड घ्या. गाडीत बायका-मुलांचा डबा वेगळा असतो आणि त्याची हद्द आखलेली असते. गर्दीत नकळत पुरुषांचं पाऊल तिकडे पडतं आणि शंभर दिरहम दंड होतो. गाडीत खाल्लं-प्यायलं तरी तेवढाच.

आता सामानाचं, आणि हे मनावर घ्या. दिवाळीच्या आगेमागे येत असाल तर चकल्या, चिवडा, लाडू खुशाल आणा, पण अनारसे घरीच ठेवा. अनारशाला एका बाजूने लागलेली खसखस आपल्याला पदार्थाची शोभा वाटते, इथल्या कायद्यात ती अमली पदार्थात मोडते. घरच्या मसाल्यातही खसखस भाजून घातलेली असते, तेव्हा आईने किंवा सासूबाईंनी पुडी दिली तर आधी विचारून घ्या. औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या अशातलं काही लागत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि इथल्या सरकारची परवानगी निघण्याआधीच काढलेली हवी. माझ्या एका मैत्रिणीचे वडील विमानतळावर चार तास बसून होते. गोळ्या रोजच्याच, फक्त चिठ्ठी नव्हती. सत्तरीच्या माणसाचा चेहरा त्या चार तासांत कसा उतरला होता, ते मी पाहिलंय.

पासपोर्टवर नुसतं एकच नाव असेल, आडनाव नसेल, तर पर्यटक व्हिसा अडतो. तिकीट काढण्याआधी हे बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातात, कॉल लागत नाही. घरच्यांना सांगून ठेवा, उगाच काळजी नको. चार्जरला तीन चपट्या पिनांचा प्लग लागतो. आणि शाल आणाच, बाहेर कितीही ऊन असो, सभागृहात गारठायला होतं.

परिषदेनंतर एक दिवस हाताशी असेल तर अबू धाबीचं लूव्र संग्रहालय बघा. इब्न बतूता स्थानकावरून अबू धाबीला बस जाते. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. १८० मीटर व्यासाच्या घुमटाची जाळी आठ थरांची आहे, तिच्यातून झिरपणारे उन्हाचे कवडसे दिवसभर भिंतींवरून सरकत राहतात.

पण माझं खरं सांगणं वेगळं आहे. तिकीट एक दिवस आधीचं काढा आणि तो दिवस खाडीला द्या. आपली माणसं इथे येऊन मॉल आणि बुर्ज बघतात आणि 'दुबईला इतिहास नाही' असं म्हणून परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

सकाळी लवकर अल फहिदीच्या गल्ल्यांत शिरा. हा भाग पूर्वी बस्तकिया म्हणून ओळखला जायचा, इराणमधल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांचा. प्रवाळाच्या दगडाच्या भिंती आणि वर चौकोनी वातमनोरे. मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं राहून वर बघा. आत कर्णरेषेत भिंती घालून चार खण केलेत, म्हणजे वारा कुठूनही आला तरी एका खणात सापडतो आणि खाली खोलीत उतरतो. यातली बरीच वस्ती आधीच पाडली गेली होती. १९८९मध्ये उरलेलीही जाणार होती. रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुरचनाकाराने आवाज उठवला, प्रिन्स चार्ल्स येऊन पाहून गेले आणि ती वाचली. जतनाचं काम करणाऱ्याने या गल्ल्या न बघता परत जाऊ नये.

मग धक्क्यावर येऊन एका दिरहमचं नाणं देऊन अब्रात बसा. लाकडी होडी, मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून माणसं बसलेली, समोर पाणी. पलीकडच्या काठावर देऱ्याला जाऊन परत या आणि खाडीच्या काठाकाठाने शिंदघा संग्रहालयापर्यंत चाला. तिथलं अत्तराचं घर चुकवू नका. वस्तू मांडता येते, पण वास कसा मांडायचा, हा प्रश्न आपल्या कुठल्याही संग्रहालयाला पडावा असा आहे.

आणि मोत्यांपाशी थांबा. आपल्या आजीच्या नथीतल्या मोत्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतो ना, ते याच आखातातले. नाकाला चिमटा लावून पाणबुडे ते काढायचे. व्यापारी पितळी चाळण्यांतून त्यांची प्रतवारी करायचे आणि मोठी बाजारपेठ होती मुंबई. १९३०च्या सुमारास जपानच्या संवर्धित मोत्यांनी तो धंदा बसला, तरी १९६६पर्यंत इथे चलन रुपयाच होता. १९५९पासून तर रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापायची. परिषदेत 'भारताचा आणि आखाताचा संबंध काय' असं कुणी विचारलं तर ही गोष्ट सांगा.

शिंदघाहून निघालात की अल घुबैबा स्टेशन चालत गाठता येतं. तिथून हिरव्या लाइनने दुसरं स्टेशन बुर्जुमान, म्हणजे तुमचं हॉटेल.