घरात होतं त्यातूनच केलेलं चिकन सूप

नवऱ्याच्या तोंडाला सर्दीने चवच नव्हती, म्हणून पाव किलो हाडांसकट चिकन, अर्धा कांदा, ठेचलेलं आलं-लसूण, चार मिरी आणि कोथिंबिरीच्या काड्या (त्या फेकू नका प्लीज, खरा वास त्यातच असतो) थंड पाण्यात घालून मंद गॅसवर ठेवलं आणि वर येणारा फेस चमच्याने काढत राहिले. जोरात उकळलं की सूप गढूळ होतं. तासाभराने गाळलं तर चव मस्त पण अगदीच पातळ, आणि कॉर्नफ्लोअर संपलेलं. मग सकाळचा दोन चमचे भात थोड्या सूपमध्ये मिक्सरला फिरवून त्यात घातला, पाच मिनिटं उकळल्यावर छान दाटपणा आला, कॉर्नफ्लोअरचा चिकटपणा नाही की काही नाही. मीठ शेवटी, लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा.