क्रोशाचा लाल कंधारी बैल: दोरा रंगवताना आणि विणताना या चुका टाळा

आमच्याकडे पोळ्याला मातीच्या बैलजोडीशेजारी क्रोशाची जोडी असते: एक देवणी, एक लाल कंधारी. देवणीचा पांढरा-काळा दोरा बाजारात सहज मिळतो. नांदेडकडच्या कंधारीचा तो गडद, तपकिरीकडे झुकणारा लाल मात्र घरीच काढावा लागतो. आणि रंग फसतो तो बहुतेक वेळा पातेलं गॅसवर चढण्याआधीच.

दोरा आधी ओळखा. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बरेचदा ॲक्रिलिक असते, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी) असो की डाळिंबाची साल, ॲक्रिलिकवर काहीच टिकत नाही. शंका असेल तर बोटभर दोरा चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि पेटवा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, राख मऊ पडते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. खाण्याचा रंग आणि व्हिनेगर ही युक्ती खऱ्या लोकरीची आहे, सुतावर ती करू नका.

सूत नवं असलं तरी स्वच्छ नसतं. 100 ग्रॅम सुताची लड करा, चार ठिकाणी सैल बांधा आणि दोन छोटे चमचे धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळट होतं. ते मेण आणि मळ तसाच राहिला तर रंग डागाडागांनी चढतो. लड न करता गुंडाच बुडवला तर आतला दोरा पांढराच राहतो.

सगळ्यात जास्त वगळली जाते ती हिरड्याची पायरी. तुरटी सुताला नीट धरत नाही, तिला आधी हिरड्यातल्या तुरटपणाचा आधार लागतो. 20 ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात कालवून लड रात्रभर भिजवा, पिळा, मग 20 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात पुन्हा रात्रभर ठेवा. इथे घाई केली तर पहिल्या धुण्यातच लाल गुलाबी होतो.

मंजिष्ठा काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, सुताच्या वजनाइतकी घ्या. बोअरच्या जड पाण्याला आपण एरवी नावं ठेवतो, पण त्यातलं चुनखडीचं प्रमाण या लालीला मदतच करतं. पाण्यात लोह असेल तर मात्र रंग काळवंडतो, म्हणून लोखंडी कढईही नको. स्टीलचं वेगळं पातेलं ठेवा, ते परत स्वयंपाकाला वापरू नका. पाण्याला उकळी येऊ देऊ नका, वाफा निघतील इतकंच तापवा. उकळलं की तपकिरी रंग वर येतो आणि लाल दबतो. एका बैलाचा सगळा दोरा एकाच वेळी रंगवा, दुसऱ्या खेपेला तीच छटा येत नाही. वाळवायचा तो सावलीत.

हळद रंगवायला घेऊ नका, ती खांदेमळणीलाच, म्हणजे पोळ्याआधी बैलांचे खांदे चोळायलाच, असू द्या. उन्हात ती उडते, साबण लागला की लालसर होते.

विणताना सुई दोऱ्याच्या मानाने बारीक घ्या, नाहीतर टाक्यांतून आत भरलेला कापूस डोकावतो. अमेरिकी नमुन्यातला सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिश नमुन्यातला डबल क्रोशे, आणि तोच आपला मुका खांब. हे न बघता उंच खांब घातले तर अंगाची जाळी होते. फेरीगणिक टाके 6, 12, 18 असे वाढतात. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात खूण म्हणून वेगळ्या रंगाचा दोरा अडकवा, नाहीतर वशिंड पाठीवर न येता कुशीला सरकतं. टाके कमी करताना टाक्यांच्या फक्त पुढच्या (आपल्याकडच्या) वेढ्यांतून सुई घाला, भोकं पडत नाहीत.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर प्लास्टिकचे डोळे लावू नका, काळ्या दोऱ्याने भरा. शिंगं शिवण्याआधी अंग ओल्या पांढऱ्या रुमालात दाबून बघा. लाली उतरली तर अजून दोन पाण्यांतून काढा, कारण पांढरी शिंगं त्याच अंगाला चिकटून राहणार, आणि बाळ आधी शिंगच तोंडात घालतं.