या चुका टाळा: ‘कुणाला कळलं तर?’ या धास्तीपोटी एचआयव्हीची तपासणी आणि गोळ्या कुठे अडतात

बाटली हलली की गोळ्या खुळखुळतात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, चालू असलेल्या माणसाला हा आवाज चांगला ओळखीचा असतो. माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एका बाईंनी एकदा पिशवीतून आपली बाटली काढून टेबलावर ठेवली. लेबल नखाने खरवडून काढलेलं, आत आवाज होऊ नये म्हणून कापूस कोंबलेला. घरात ती तांदळाच्या डब्यात, तळाशी. डब्यातला तांदूळ उतरला की बाटली वर दिसायला लागते, म्हणून त्या तांदूळ कधी संपूच द्यायच्या नाहीत. पाहुणे आले की मात्र पंचाईत. पाहुण्या बायका स्वयंपाकघरातच झोपायच्या आणि रात्रीची गोळी राहायची. गणपतीत सलग चार दिवस राहिली.

त्यांना घरात कुणी एका शब्दाने बोललेलं नव्हतं, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. कलंक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिव्या, वाळीत टाकणं, घराबाहेर काढणं येतं. तेही होतं. पण माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत कुणी काही बोलायच्या आधीच त्यांनी स्वतः बंदोबस्त करून ठेवलेला असतो, आणि उपचार बिघडतो तो त्या बंदोबस्तापायी. समाज बदलेल तेव्हा बदलेल. लाज पूर्ण गेल्यावर तपासणी करू, असं म्हणत बसलं तर तपासणी व्हायचीच नाही. लाज असतानाही रक्त तपासून होईल आणि गोळी पोटात जाईल, अशी सोय आज लावता येते. ती लावताना लोक कुठे चुकतात, ते सांगते.

रक्तदान करून ‘गुपचूप कळून घेणं’

शंका आहे पण आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाच्या सरकारी केंद्राच्या, दारात उभं राहायचं नाही, म्हणून काही जण रक्तदान शिबिरात जातात. रक्तपेढी तपासतेच, काही असेल तर कळवतील, असा हिशेब. हा हिशेब दोन्हीकडून चुकतो. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही; साध्या रॅपिड किटच्या बाबतीत हा काळ तीन महिन्यांपर्यंत धरतात. त्या काळात दिलेलं रक्त ‘स्वच्छ’ ठरून कुणाच्या तरी अंगात चढू शकतं. आणि तुम्हाला कळलंच तरी ते समोर बसून नीट समजावून सांगणारं माणूस तिथे असेलच असं नाही.

भीतीचं मूळ जुनं आहे, हेही खरं. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं, रक्त पॉझिटिव्ह निघालं, आणि त्याला एका जुन्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस कोंडून ठेवलं. तेव्हाच्या गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. आज उलट आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करणं, माहिती फोडणं, आणि नोकरी, शाळा, भाड्याचं घर किंवा उपचार नाकारणं, या सगळ्याला त्याने बंदी घातली आहे. तरी लोक अजून १९८९ च्या भीतीवर चालतात. तेव्हा एड्सच्या जाहिराती म्हणून भिंतींवर कवट्या आणि सापळे आम्ही आरोग्यखात्यातल्याच लोकांनी रंगवले होते, त्यामुळे लोकांना दोष तरी कसा देणार?

खाजगी लॅबचा एक रिपोर्ट आणि मोबाईल

लॅबमध्ये ओळखीचं कुणी भेटत नाही, हा फायदा मान्य. पण रिपोर्टची पीडीएफ ज्या मोबाईलवर येते तो रात्री पोरांच्या हातात असतो, एवढं लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे, एका किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणजे निदान झालं, असं नसतं. सरकारी आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या किटवर तपासून मगच पॉझिटिव्ह म्हणतात. फुकट होतं, आणि रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी बंद दाराआड हातात मिळतो. लॅबच्या एका रिपोर्टवर गाव सोडून निघालेला माणूस मी पाहिला आहे. आमच्याकडे तो निगेटिव्ह निघाला.

निगेटिव्ह आलं तरी तारीख मोजा. शंकेची गोष्ट गेल्या महिन्यातली असेल तर तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा या. आणि ती गोष्ट तीन दिवसांतली असेल, तर तपासणीच्या आधी सरकारी रुग्णालय गाठा. ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घेतलेल्या गोळ्यांनी लागण टाळता येते. लाजेपायी चौथा दिवस उजाडला की हा मार्ग बंद होतो.

‘बायकोची झाली ना, म्हणजे माझी झालीच’

ही चूक मला सगळ्यांत महागात पडताना दिसते. गरोदर बाईचं नाव नोंदवलं की इतर तपासण्यांबरोबर तिची एचआयव्हीचीही होते. नवरा बाहेर गाडीवर बसून असतो. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की तो स्वतःलाही निगेटिव्ह धरतो. पण एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी जोडपी आमच्याकडे कितीतरी आहेत. प्रत्येक संबंधातून लागण होतेच असं नाही, त्यामुळे तिचा रिपोर्ट हा तिचाच रिपोर्ट असतो.

आणि तिचा पॉझिटिव्ह आला तर? तर घरात पहिली तपासणी तिची, म्हणून पहिला दोषही तिचाच. “हिनेच माहेराहून आणलं.” आधी कुणाचं रक्त तपासलं एवढंच रिपोर्टवरून कळतं, आजार घरात कुणी आणला ते त्यातून कळत नाही. हे मी सासूला, दिराला, कधीकधी शिकलेल्या नवऱ्यालासुद्धा कागदावर चौकोन काढून समजावलं आहे. सरळ उपाय एवढाच, की नाव नोंदवायच्या दिवशी दोघांनी एकदम रक्त द्यावं. “पेपर काढायला आलाच आहात, तुमचंही करून टाकू,” असं नर्सने म्हटलं की पुरुष सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांनाही कुणीतरी विचारावं असंच वाटत असतं.

बाईला मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर तिने ती समुपदेशकाला स्पष्ट सांगावी. अशा वेळी नवऱ्याला आम्ही कळवायचं नाही, असं कायद्यातच आहे. बाळासाठी मात्र गोळ्या त्याच आठवड्यात सुरू व्हायला हव्यात. उपचार नसेल तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. आईच्या गोळ्या वेळेत आणि नीट चालू असतील तर पाचाहून कमी. मी स्वतः १८ महिन्यांच्या शेवटच्या तपासणीत निगेटिव्ह निघालेल्या पोरांचे पेढे खाल्ले आहेत. पेढे कशाचे, हे शेजाऱ्यांना सांगितलेलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

लांबचं सेंटर

सांगलीचा माणूस सोलापूरला जातो, सोलापूरचा लातूरला. एकमेकांना लपवून निघालेले हे लोक वाटेत एकाच एसटी स्टँडवर चहा पीत असणार, असं मला नेहमी वाटतं. लांब जाण्यात वाईट काही नाही. कुठलं एआरटी सेंटर धरायचं ते तुमच्या हातात आहे. चूक होते ती सहा महिन्यांनी. सुरुवातीच्या धास्तीत प्रवासाचं काही वाटत नाही. मग एक रोज बुडतो, तिकिटाचे पैसे जातात, मुकादम सुट्टी देत नाही, आणि तब्येत तर ठणठणीत असते. एक महिना चुकतो. पुढच्या महिन्यात “मॅडम ओरडतील” म्हणून जात नाहीत. असे सुटलेले लोक आम्हाला परत भेटतात ते बऱ्याचदा टीबी घेऊन.

तेव्हा सेंटर निवडताना पुढच्या दहा वर्षांचा प्रवास मोजा. गोळ्या नीट चालू असणाऱ्याला एका खेपेत दोन-तीन महिन्यांचा साठा मिळू शकतो, तो मागून घ्या. गाव बदललं तर रीतसर ट्रान्सफर घ्या. नव्या ठिकाणी पहिल्यापासून ‘नवा पेशंट’ म्हणून नाव लिहू नका, जुन्या औषधांचा सगळा इतिहास हरवतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दसऱ्याच्या आधीच सांगून ठेवावं. बीडची टोळी कारखान्यावर पाच-सहा महिने राहते, आणि फडातून जवळचं सेंटर कोणतं ते निघायच्या आधी शोधून देता येतं. एआरटीच्या नोंदींचं हिरवं पुस्तक नेणं धोक्याचं वाटत असेल तर त्याच्या पानाचा फोटो नेला तरी काम होतं. फोटो गॅलरीत उघडा ठेवू नका, एवढंच.

आणि चुकलात तर या. मॅडम ओरडल्या तरी या. खरं तर आम्ही ओरडायला नको. ती आमची चूक.

गोळी लपवताना

बाटलीतल्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवू नका. हल्लीच्या टीएलडी गोळीला, म्हणजे ज्यात डोल्युटेग्रावीर असतं तिला, ओल सोसत नाही. बाटलीत जी छोटी पुडी असते ती ओल शोषायलाच असते. लेबल खरवडायचं तर खुशाल खरवडा, कापूस घाला, पण गोळ्या आणि ती पुडी बाटलीतच राहू द्या. कामावर नेताना एक-दोन दिवसांच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डबीत चालतील.

दुसरी गोष्ट वेळेची. पूर्वीच्या गोळीत इफाविरेन्झ असायचं, त्याने गरगरायचं, म्हणून ती झोपताना घ्यायला सांगत. गोळी बदलली तरी ‘रात्री नऊ’ लोकांच्या डोक्यातून गेलेलं नाही. पण रात्री नऊला घरात सगळे हजर असतात! टीएलडी दिवसा कधीही घेता येते, उपाशी किंवा जेवून, फक्त रोजची वेळ एकच हवी. तांदळाच्या डब्यावाल्या बाईंना आम्ही हेच सुचवलं. आता त्या सकाळी अंगणवाडीत पोचल्या की तिथल्या माठातलं पाणी घेऊन गोळी घेतात. पाहुणे येवोत नाहीतर गणपती.

कुणी विचारलंच तर थायरॉइडची, रक्तदाबाची असं सांगतात. सांगा, पण डॉक्टरला मात्र हे उत्तर देऊ नका. कारण डॉक्टरने दिलेलं कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीचं औषध टीएलडीबरोबर एकदम घेतलं तर गोळीचा परिणाम घटतो. मध्ये किती वेळ सोडायचा ते सेंटरवर विचारून घ्या.

मुळापासून बरं करतो म्हणणाऱ्यांबद्दल एकच वाक्य: असं औषध आज कुणाकडेच नाही, आणि त्यांची औषधं घ्यायला लोक एआरटी बंद करतात.

‘आता आपल्यापासून सगळ्यांना धोका’

वेगळं ताट, वेगळा टॉवेल, पोराला जवळ न घेणं. पुष्कळदा हे घरचे करत नाहीत, पेशंट स्वतःच करतो. जेवण, मिठी, संडास, डास यांतून एचआयव्ही पसरत नाही, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. न ऐकलेली गोष्ट याहून मोठी आहे. गोळ्या नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, ‘डिटेक्ट होत नाही’ इतका खाली आला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. उपचाराने लागण रोखली जाते हे ज्या मोठ्या अभ्यासाने २०११ साली दाखवलं, त्यात पुण्यातली जोडपीही होती. व्हायरल लोड फुकट तपासतात. पहिला सहा महिन्यांनी होतो. तो आकडा नुसता फाईलला लावून येऊ नका, काय आला ते विचारा. जोडीदाराला सांगायचं असेल तर तो कागद हातात असताना सांगणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण घरात किंवा बाहेर एका माणसाला तरी माहीत असू द्या. आजारी पडलात तर गोळ्या आणायला कुणीतरी लागतं.

दवाखान्यातल्या चुका

हा भाग माझ्या खात्यातल्या लोकांसाठी. केसपेपरवर लाल शाईने लिहिणं, खाटेला खूणचिठ्ठी लावणं, “ते एआरटीवाले कोण?” असं व्हरांड्यात ओरडून विचारणं, फक्त ‘त्या’ पेशंटसाठी दोन हातमोजे चढवणं. ज्याचं रक्त तपासलेलंच नाही त्याच्यापासून धोका जास्त असतो, म्हणून खबरदारी प्रत्येकाला सारखीच घ्यायची असते. ऑपरेशनच्या यादीत एखाद्याचं नाव दरवेळी शेवटी सरकतं, मग मशीन बिघडतं, मग “मोठ्या हॉस्पिटलला न्या” होतं. नकार असा तोंडी आणि गोडीत दिला जातो, त्यामुळे तक्रार करता येत नाही असं लोकांना वाटतं.

येते. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी असायलाच हवा. तिथे दाद लागली नाही तर एचआयव्ही-एड्स कायद्याखाली राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे जाता येतं. त्यांनी ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो २४ तासांत. प्रकरण कोर्टात गेलं तर खरं नाव झाकून टोपणनावाने चालवण्याची विनंती करता येते. तक्रारीत भावना कमी आणि तपशील जास्त लिहा: तारीख, वॉर्ड, कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत, आणि आधी दिलेली ऑपरेशनची तारीख ज्या कागदावर आहे त्याची झेरॉक्स. कसं लिहायचं ते जमत नसेल तर १०९७ वर फोन लावा. फोन फुकट आहे, आणि नाव नाही सांगितलं तरी ते बोलतात.