हनोईचा उलटा फेरा टाळला

आई-बाबांसोबत व्हिएतनाम आणि कंबोडिया, बारा दिवस. मुंबई-हनोई जाऊन-येऊन तिकीट स्वस्त दिसलं, म्हणून सगळा आराखडा त्याच्याभोवती बांधला होता: हनोई, होई आन, हो ची मिन्ह सिटी, मग कंबोडियातलं सिएम रीप आणि पुन्हा हनोई. तारखा वहीत मांडल्या तेव्हा घोळ लक्षात आला. परतताना व्हिएतनाममध्ये दुसऱ्यांदा शिरायचं, म्हणजे एकाच प्रवेशाचा ई-व्हिसा पुरणार नव्हता. शिवाय अख्खा दिवस विमानतळांवर जाणार.

मग जाताना हनोई, परत येताना सिएम रीप असं 'मल्टी-सिटी' तिकीट काढलं. थोडं महाग पडलं, पण उलटा फेरा टळला. हनोई ते हो ची मिन्ह रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा. मला त्या गाडीचा फार मोह होता, पण बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून विमानच घेतलं.

वाचलेला दिवस सिएम रीपजवळच्या अंगकोरच्या प्राचीन मंदिरांना दिला. तिथला तीन दिवसांचा पास ६२ डॉलरला मिळाला. हे तीन दिवस सलग असावे लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. म्हणून मधला एक दिवस आईला निवांत झोपू दिलं. तिथल्या बायोन मंदिरावरचे दगडी चेहरे आम्ही दोनदा पाहिले, दुसऱ्यांदा सकाळच्या कोवळ्या उन्हात.