मिठावर चार आठवडे: घरी शिकणाऱ्या मुलांसोबत एक थीम कशी चालवायची

आमची पहिली थीम होती अंतराळ. मी रात्री जागून प्रिंटआउट काढले, ग्रहांची रंगवायची पानं, ग्रहांवर निबंध, ग्रहांवर बेरजा, सगळं फाइलला लावलं आणि पाचव्या दिवशी धाकटा म्हणाला, आई, आज ग्रह नको. त्याचं काय चुकलं? शनीला हात लावता येत नाही. दुसऱ्या खेपेला मी मीठ घेतलं, जे आमच्या गोव्यातल्या पेडण्यात रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवलेलं दिसतं, आणि ती थीम चार आठवडे चालली.

युनिट स्टडी म्हणजे फार काही नाही, एक विषय धरायचा आणि काही आठवडे वाचन, लिखाण, विज्ञान, इतिहास त्याच्याच अंगाने करायचं. माझी थोरली दहाची, धाकटा सातचा, दोघांना वेगवेगळी पुस्तकं घेऊन बसवायचं तर माझा सगळा दिवस त्यातच जातो, थीम असली की एकाच टेबलावर दोघं बसतात, फक्त कोण किती खोलात जातं ते वेगळं.

आधी थीम निवडा, पण दारातली

माझी कसोटी अशी, अर्ध्या तासात तिथे पोचता येतं का, हात लावता येतो का, आणि घरात किंवा वाड्यावर त्यातलं कळणारं कोणी आहे का. शिवाय सीझन बघा, गोव्यात हे फार महत्त्वाचं. मिठागरं साधारण जानेवारी ते मे, पहिला पाऊस पडला की खेळ खलास. काजू मार्च ते मे, भाताची लावणी जून-जुलैत, चतुर्थीच्या आधी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची मांडणी), नारळ बारा महिने. जुलैत मिठाची थीम घेतली तर मुलांना नुसतं पाण्याने भरलेलं शेत दिसणार.

पहिल्या दिवशी शिकवू नका

हे मला सगळ्यात कठीण गेलं. वर्तमानपत्रावर एक मूठ मिठागरातलं जाडं मीठ आणि शेजारी पाकिटातलं बारीक मीठ ठेवा, एक भिंग द्या आणि गप्प बसा. मुलं जे विचारतील ते चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर चिकटवा, अक्षर तुमचं चालेल पण शब्द त्यांचेच. आमच्याकडे आलेले काही: जाडं मीठ मळकट का? समुद्रात मीठ कोणी टाकलं? पावसात समुद्र अळणी होतो का? आजी माडाच्या आळ्यात मीठ का टाकते?

मग चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा, करून बघायचे, कोणाला तरी विचारायचे, वाचून शोधायचे. झाला तुमचा चार आठवड्यांचा प्लॅन, वेगळा सिलॅबस लिहायची गरज नाही. विषय नंतर आपोआप येतात, आधी तक्ता आखून त्यात थीम कोंबली की परत ग्रह होतात.

एक प्रयोग नीट करा, दहा नको

आम्ही मोरजीला भरतीच्या वेळी किनाऱ्यापासून जरा आत जाऊन एक लिटर समुद्राचं पाणी बाटलीत घेतलं. घरी दुपदरी सुती कपड्यातून गाळलं, स्टीलच्या पातेल्याचं आधी वजन केलं (ॲल्युमिनियम घेऊ नका, खारं पाणी ते खातं) आणि गॅसवर ठेवलं. पाणी कमी झालं तसा आधी खडूसारखा पांढरा थर धरला, थोरलीला वाटलं हेच मीठ, पण ते बहुतेक कॅल्शियमचे क्षार असतात, मीठ त्याच्या बरंच नंतर बसायला लागतं. शेवटी आच अगदी मंद करा आणि मुलांना मागे उभं करा कारण ओलं मीठ तडतडून अंगावर उडतं, माझ्या मनगटावर उडलंच. ते मीठ जेवणात वापरू नका.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आमच्याकडे वजन भरलं २९. आता खरी मजा, बाकीचे सहा ग्रॅम गेले कुठे? धाकट्याने सांगितलं चोरीला गेले. थोरलीने कपडा बघितला, ओट्यावर उडालेलं बघितलं, मग वजनकाटाच तपासायला निघाली. शंभर मिलीला किती, शेकड्याने किती, हे सगळं त्या एका पातेल्यातून निघालं. मी उत्तर सांगून टाकलं असतं तर अर्धा तास वाचला असता आणि बाकी काहीच झालं नसतं.

मग बाहेर जा

अगरवाड्याची मिठागरं आम्हाला जवळ, गावाच्या नावातच आगर आहे हे धाकट्याने गाडीत शोधलं आणि दिवसभर सांगत होता. सकाळी लवकर जा, दहानंतर उभं राहवत नाही. आधी परवानगी घ्या आणि बांधावरूनच चाला, मिठाच्या वाफ्यात पाय घालू नका, ती जमीन तुडवून तुडवून कडक केलेली असते. मुलांना तीनच गोष्टी बघायला सांगा: पाणी कुठून आत येतं, एका वाफ्यातून दुसऱ्यात का सोडतात, आणि मीठ ओढून कुठे ठेवतात. भरतीचं पाणी आत घेतात, ते वाफ्यावाफ्यातून फिरताना ऊन-वाऱ्याने दाट होत जातं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. म्हणजे आपलं पातेलंच, फक्त गॅस नाही.

वाटेत मानशीजवळ थांबा. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधातलं हे लाकडी दार भरतीच्या पाण्याने स्वतःच बंद होतं आणि ओहोटीला उघडतं, तिथे उभं राहिलं की भरती-ओहोटी वेगळी शिकवावी लागत नाही. पावसात अळणी होतो का या चिठ्ठीचं उत्तरही इथेच मिळालं, समुद्र नाही पण खाडीचं पाणी पावसाळ्यात बरंच गोडं होतं, पाऊस खाजनातला खार धुऊन काढतो म्हणून तिथे भात पिकतं.

इतिहास आणि भाषा

दांडी सगळ्यांना माहीत असते, गांधीजी १२ मार्च १९३० ला निघाले, ६ एप्रिलला मीठ उचललं. वाट साधारण ३८५ किलोमीटर आणि दिवस २४, म्हणजे रोजचे सोळा, म्हापशाहून पणजी गाठून वर आणखी थोडं, रोज, उन्हात. मुलांना आकडा असा सांगितला की पायात कळतो. पण आपल्याकडची गोष्ट कमी लोक सांगतात, १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्यातल्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला होता आणि तो करार १८९२ पर्यंत चालला. थोरलीने विचारलं, गोवा तर पोर्तुगीजांचा, मग मीठ इंग्रजांचं कसं? या एका प्रश्नावर आमचा आठवडा गेला, जाऊ दिला.

भाषेला तर बसल्या जागी खजिना. मिठाला जागणे, जखमेवर मीठ चोळणे, दुधात मिठाचा खडा पडणे, तिखटमीठ लावून सांगणे. धाकट्याने एकेक करून चित्रं काढली, जखमेवरचं चित्र भयंकर आहे. आजीला पुरुमेंताबद्दल विचारायला लावलं, पावसाआधी काय काय भरून ठेवायचे, लोणच्याला कुठलं मीठ, सुक्या मासळीला किती. तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून थोरलीने लिहून काढलं, शुद्धलेखन त्यातच झालं. माडाला मीठ का, हेही तिथेच, तिचं म्हणणं माड समुद्राकाठचा, त्याला लागतं.

काय थीममध्ये आणायचं नाही

गणित. वजनं-मापं येतात तेवढी येऊ देत, पण भागाकार, अपूर्णांक रोज सकाळी चाळीस मिनिटं वेगळेच, कारण ते पायरीपायरीने चढतं आणि मिठात सगळ्या पायऱ्या नसतात. धाकट्याचं वाचन शिकणंही वेगळं. ओढूनताणून मिठाचं गाणं, मिठाचा व्यायाम असलं काही करू नका, मुलांना लगेच कळतं.

नोंदी मात्र ठेवा. प्रत्येकाची एक वही, तारीख घालून, फोटो चिकटवून, आणि महिन्याला अर्धं पान तुमचं, काय झालं काय राहिलं. पुढे ओपन स्कूलमधून दहावी द्यायची झाली तर एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला) किमान वय १४ लागतं, तिथे विषयवार अभ्यास करावाच लागतो, तेव्हा कुठला विषय कच्चा आहे ते या वह्यांतूनच दिसेल.

थीम कधी संपवायची? नव्या चिठ्ठ्या यायच्या थांबल्या की, मग विसावा दिवस असो की चाळिसावा. उरलेल्या चिठ्ठ्या फेकू नका, आम्ही त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकतो. सध्या त्यात एकच आहे, मासा खारं पाणी पितो तर त्याला तहान लागत नाही का. बहुतेक पुढची थीम तीच, मासळीबाजार सात मिनिटांवर आहे.