पायात लोखंड घालण्याआधी 'काढायचं कधी' ते विचारा

भातलावणीच्या दिवसांत येळ्ळूरकडचे एक मामा आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, आले. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे पावलात प्लेट बसवलेली, आता चपलेच्या पट्ट्याला घासते म्हणून काढायची. कातडी उघडली, स्क्रूचं डोकं धुऊन बघतो तर खाच चांदणीची. आमच्या ट्रेमधले सगळे स्क्रूड्रायव्हर षटकोनी. कुठल्या कंपनीचं, कुठलं माप, कागद आहे का? "होता की, गेल्या पावसात भिजला." कंबरेत सुई देऊन फक्त खालचं अंग बधिर केलेलं, त्यामुळे मामा जागेच. दर पाच मिनिटांनी विचारायचे, "मिळाला काय हो?" आणि आम्ही इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात घालायच्या प्लेट-स्क्रूंच्या, दुकानांना फोन लावत बसलो होतो.

बावीस वर्षं मी बेळगावात हाडांच्या ऑपरेशनच्या ओटीत टेक्निशियन आहे. कुणाचा पाय मोडला की पाहुणे एस्टिमेटचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. "दादा, स्टीलचं घालू का टायटॅनियमचं?" हा प्रश्न नंतरचा. आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: मोडलंय कुठलं हाड, आणि घातलेलं पुन्हा काढावं लागणार का. पावलात 26 हाडं आहेत, सगळ्यांना एक माप चालत नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे तार, के-वायर. बोटांना, कधी बोटांमागच्या लांब हाडांना घालतात. जाडी साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास. तिचं टोक बरेचदा कातडीबाहेर वाकवून ठेवतात, आणि चार ते सहा आठवड्यांनी ओपीडीतच पकडीनं ओढून काढतात. दुसरं ऑपरेशन नाही, हा मोठा फायदा. पण ते बाहेरचं टोक म्हणजे जंतूंना आत जायची वाट. खानापूरकडचा माणूस जुलैत तार घेऊन घरी गेला की मला धास्ती असते. "मी बांधावरच उभा होतो" म्हणतात, आणि ड्रेसिंग सोडलं की पट्टीच्या घडीत लाल चिखल. तारेच्या बुडाशी लाली, पू, ठणका दिसला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि चिखलात जाणं टळणारच नसेल, तर तार कातडीखाली पुरता येईल का, हे ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगून विचारा. मात्र मग ती काढताना छोटी चीर द्यावी लागते.

करंगळीमागचं लांब हाड, पाचवं मेटाटार्सल, हे फसवं. अगदी बुडाचा तुकडा निघाला असेल तर बहुतेकदा बूट किंवा प्लास्टरवर भागतं. त्याच्या जरा पुढे मोडलं तर तिथं रक्तपुरवठा कमी, हाड जुळायला वेळ लावतं. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जननं नाचताना स्वतःचाच पाय असा मोडून घेतला आणि 1902 साली त्यावर लिहिलं, म्हणून नाव जोन्स फ्रॅक्चर. इथं हाडाच्या पोकळीतून एक जाड स्क्रू घालतात. तो त्रास देत नसेल तर सहसा तसाच ठेवतात. दोन फ्रॅक्चरमध्ये बोटभराचंच अंतर, पण खर्चात केवढा फरक! म्हणून एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

पावलाच्या मधल्या कमानीतली लिस्फ्रँकची जागा, म्हणजे बोटांमागची लांब हाडं मागच्या हाडांना जुळतात तो सांधा, निखळली तर दोन वाटा. स्क्रू सांध्यातून आरपार, किंवा प्लेट सांध्यावरून पुलासारखी. स्क्रू स्वस्त, पण सांध्याच्या कूर्चेला, हाडांच्या टोकावरच्या गुळगुळीत थराला, भोक पडतं, आणि चालायला लागल्यावर कधी तो आतच तुटतो. प्लेट महाग, तिची चीर मोठी, पण सांधा वाचतो. दोन्हींत काही महिन्यांनी काढायची वेळ येऊ शकते. तेव्हा एस्टिमेट ताडताना घालायचा आणि काढायचा, दोन्ही खर्च एकत्र धरा. नुसते पहिले आकडे बघितले तर स्वस्त वाटलेलं महाग पडतं.

टाचेला प्लेट बसते किंवा जाड स्क्रू. टाचेवरची कातडी पातळ, त्यामुळे मोठ्या चिरेची जखम चिघळायची भीती असते. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत आठवडाभर किंवा जास्तही थांबवतात. दवाखाना बिल वाढवतोय म्हणून भांडू नका. साखर किती आणि तंबाखू किती, हे इथं धातूपेक्षा महत्त्वाचं. निपाणीकरांनी रागावू नये, पण बिडी ओढणाऱ्याची जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात.

आता स्टील आणि टायटॅनियम. टायटॅनियम हलकं, जास्त लवचिक. निकेलची ॲलर्जी असणाऱ्याला बरं. पुढे एमआरआयमध्ये चित्र कमी खराब करतं. एमआरआय मात्र दोन्हींत बहुधा करता येतो, फक्त आधी सांगायचं. पावलाचं हाड जुळायला स्टीलही चालतं, आणि काढताना मला स्टील आवडतं. टायटॅनियमचा लॉकिंग स्क्रू प्लेटमध्ये असा घट्ट धरून बसतो की खाच छिलते, स्क्रू हलत नाही. लॉकिंग म्हणजे स्क्रूच्या डोक्यालाही आटे, ते प्लेटमध्येच अडकतात. म्हाताऱ्या ठिसूळ हाडाला किंवा चुरा झालेल्या जागी त्याचे पैसे वसूल. तिशीतल्या पोराच्या सरळ मोडीला तेच लिहिलं असेल तर "साधी प्लेट चालणार नाही का?" असं जरूर विचारा. चांगले डॉक्टर चिडत नाहीत. आयुष्मान कार्ड असेल तर इम्प्लांट पॅकेजमध्ये धरलंय का, हे भरती होतानाच आरोग्यमित्राकडून, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडून, कळून घ्या.

संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्लिशमध्ये असेल तर सही करण्याआधी कुणाकडून तरी मराठीत वाचून घ्या. आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर, कंपनी, माप, लॉट नंबरसकट, डिस्चार्जच्या कागदावर चिकटवून मागा. फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

मामांचा स्क्रूड्रायव्हर पाऊण तासानं आला. सहापैकी पाच स्क्रू सुटले. सहाव्याची खाच छिलली, डोकं ड्रिलनं उडवलं तेव्हा प्लेट हातात आली. त्याची दांडी अजून मामांच्या पायात आहे. प्लेट त्यांनी धुऊन मागून घेतली आणि चुन्याच्या डबीशेजारी खिशात टाकली.