बंदुकीच्या परवान्यावर वाद घालायचाय? मग आधी एवढं करा

आमच्याकडं वादविवाद स्पर्धेच्या तयारीला येणाऱ्या पोरांना यंदा विषय आलाय, सामान्य नागरिकाला बंदूक बाळगायचा हक्क असावा का. पहिल्याच दिवशी एकानं उठून अमेरिकेतल्या शाळांतल्या गोळीबारावर दहा मिनिटं भाषण ठोकलं, दुसरा म्हणाला काय बे, स्वसंरक्षण तर जन्मसिद्ध हक्क आहे, आणि दोघांपैकी एकालाही सोलापुरात परवाना कोण देतं हे माहीत नव्हतं. म्हणून हे लिहायलोय.

पहिलं काम म्हणजे विषय नीट बांधून घ्या. "बंदूक असावी की नसावी" असा विषय घेतला की नुसता आरडाओरडा होतो. आपल्याकडं शस्त्र कायदा 1959 चा, त्याचे नियम 2016 चे, आणि 2019 ला मोठी दुरुस्ती झाली. त्यातली कलमं 3, 9, 13, 14, 17 आणि 25 एवढी तरी वाचाच, मोबाईलवर फुकट मिळतात. वाचली की कळतं आपल्याकडं सगळा कारभार परवानगीवर चालतो. साधारण 21 वर्षं पूर्ण पाहिजेत, पोलिसांचा रिपोर्ट लागतो, 2019 पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका, आजोबांची वारशानं आलेली धरूनसुद्धा, आणि परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा. साध्या बोअरसाठी (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) परवाना देणारे शहरात पोलीस आयुक्त, बाहेर जिल्ह्यात कलेक्टर. प्रोहिबिटेड बोअरचं, म्हणजे सामान्य माणसाला एरवी मनाई असलेल्या बंदुकांचं प्रकरण केंद्राकडं जातं, त्यात शिरू नका, वेळ जातो.

खरा मुद्दा कलम 13 मध्ये आहे आणि पोरं नेमकं तेच सोडून देतात. पीक राखायला ठासणीची (तोंडातून दारू भरायची) बंदूक किंवा संरक्षणासाठी किमान वीस इंच लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, यासाठी कायदा थोडा मोकळा आहे, पण पिस्तूल वगैरे मागायचं तर "योग्य कारण" आहे असं अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. आता योग्य कारण म्हणजे काय? सराफाला रोज रोकड न्यावी लागते ते कारण झालं का, मळ्यात एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याचं काय, आणि कमरेला पिस्तूल लावून लग्नात फिरायचंय त्याचं काय? वाद इथं घाला, कारण सगळी ताकद त्या दोन शब्दांत आहे.

अमेरिकेचं उदाहरण द्यायचंच असेल तर इथंच द्या, नेमकं बसतं. न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर पिस्तूल न्यायला असंच सबळ कारण दाखवावं लागायचं, ती अट त्यांच्या सुप्रीम कोर्टानं 2022 ला उडवली, कारण 1791 पासून शस्त्राचा हक्क त्यांच्या घटनेतच आहे. आपल्या घटनेत तो नाही, उलट कलम 19 मध्ये एकत्र जमायचा हक्क दिलाय तो सुद्धा शांततेनं आणि विनाशस्त्र. आणि त्याच अमेरिकन कोर्टानं 2024 ला सांगितलं की घरच्यांना धोका आहे म्हणून कोर्टाचा आदेश निघालेल्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते, म्हणजे हक्क असला तरी मर्यादा राहतेच.

इतिहास मात्र आपल्या मातीतला घ्या, तो ऐकताना माणूस गप्प बसतो. 1878 चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र करायला आणला. 1930 ला सोलापुरात मार्शल लॉ लागला, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात आपल्या चार हुतात्म्यांना फाशी झाली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कराचीला काँग्रेसनं हक्कांचा जो ठराव केला त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क होता. बाजूनं बोलणाऱ्यानं हे सोडू नये. पण विरोधातल्यानं पुढचं पान उघडावं, डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत तिथले एक सदस्य ह. वि. कामत यांनी हाच विषय काढला तेव्हा बाबासाहेबांनी उत्तर दिलं की प्रत्येकजण बाजारात जाऊन हवी ती हत्यारं घ्यायला लागला तर राज्य कसं चालवायचं. या दोन्ही बाजू मनापासून मांडता आल्या तर निम्मी स्पर्धा जिंकल्यातच जमा.

बाजूनं बोलताना शेजारच्या कर्नाटकातले कोडव लोक आठवा, त्यांना परवान्यातून सूट आहे, समोरचा म्हणेल ती सवलत आहे आणि 2029 पर्यंतच वाढवलीय, तेव्हा उत्तर तयार ठेवा. विरोधात बोलताना हवेतल्या गोळीबाराचा मुद्दा काढा, निष्काळजीपणानं बार काढून जीव धोक्यात घातला तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. यावर बाजूवाला गावठी कट्ट्यावर येणार, आणि त्यात दम आहे, एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या रिपोर्टात पकडलेली विनापरवाना शस्त्रं परवान्याच्या शस्त्रांपेक्षा कितीतरी जास्त असतात. शेतीचा मुद्दा घेणाऱ्यांनी एक चूक टाळा, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी असं होत नाही, त्याला 1972 चा वन्यजीव कायदा वेगळा आहे. 2020 च्या डिसेंबरात करमाळ्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला गोळी घातली ती पण वनखात्याच्या आदेशानं.

माझं मत विचाराल तर अटी कडकच पाहिजेत, पण अर्ज अडवला तर का अडवला ते वेळेत लेखी द्यावं. कलम 14 मध्ये कारणं लेखी नोंदवायची आणि मागितली तर बहुतेक वेळा द्यायची असं आहे, तरी आमच्या मंगळवेढ्याच्या मामांचा अर्ज एका ऑफिसात दीड वर्ष पडून होता आणि कुणी एक ओळ लिहून दिली नाही. मिरवायला मागणाऱ्याचं काम होतं आणि वस्तीवर राहणारा हेलपाटे घालतो, याचा मला मनापासून राग येतो.

शेवटच्या आठवड्यात बाजू अदलाबदल करून सराव घ्या, आणि परवाना असलेल्या एखाद्या माणसाला समोर बसवा. मी पोरांना मामांकडं घेऊन गेलो. मामांची बारा बोअरची बंदूक दर इलेक्शनला पोलीस स्टेशनात जमा असते, त्याच्या पावत्या त्यांनी दाखवल्या आणि विचारलं, रात्री वस्तीवर कोण आलं तर पोलीस किती वेळात पोचतील सांगा की. आमची विरोधातली पोरगी म्हणाली, मामा, आजपर्यंत किती बार काढले ते आधी सांगा. मामा थोडा विचार करून म्हणाले, दोन, दोन्ही डुकरं हाकलायला. तिथनं पुढं दीड तास जे चाललं ते मी रेकॉर्ड केलं, आणि पोरं आता त्यातनंच मुद्दे काढायलेत.